क्रेडिट कार्डसाठी स्कोअर नक्की किती लागतो? (७६८ असूनही अर्ज नामंजूर)

रानवारा

नमस्कार मंडळी. एका खासगी बँकेत क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला होता. क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासावरून निघणारा आकडा, ७६८. जिथे तिथे वाचलं होतं की ७५०च्या वर असलं की कार्ड मिळतंच. पगार बँकेत जमा होतो, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. तरी मेसेज आला, "बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही." पुढे काही नाही, मागे काही नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाला ७३०च्या आसपास स्कोअर असताना त्याच बँकेचं कार्ड मिळालंय, म्हणून डोकं जास्तच फिरलंय.

किमान स्कोअर कुठे लिहिलेला असतो का? बँकांनुसार यादी कुणाकडे आहे का? आणि आता लगेच दुसरीकडे अर्ज टाकू की थांबू?

चष्मिष्ट

यादी मिळाली की मलाही पाठवा. "या कार्डाला ७००, त्या कार्डाला ७८०" असल्या याद्या ढिगाने फिरतात, पण त्या बहुतेक कार्ड विकून कमिशन घेणाऱ्या साइटवरच्या असतात. त्यांना तुम्ही अर्ज करायला हवे असता, कार्ड मिळो न मिळो. बँका हे आकडे बाहेर सांगत नाहीत.

पायवाट

माझ्या अनुभवात ७५० हीच रेघ. ७४२ला दोनदा नकार, ७५५ झाल्यावर त्याच बँकेने दिलं.

हिशेबनीस

मी काही वर्षं एका बँकेच्या कर्ज-मंजुरी विभागात होतो. आता नाही, त्यामुळे कुणाची तळी उचलायचं कारण नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर कुठेही ठरवून दिलेला नाही. कुणी "आरबीआयच्या नियमाप्रमाणे ७५० लागतात" असं सांगितलं तर त्याला नियम दाखवायला सांगा. प्रत्येक बँक आपली रेघ स्वतः आखते आणि ती एकच नसते. साध्या कार्डाला वेगळी, विमानतळ लाउंजवाल्या महागड्या कार्डाला वेगळी. ज्यांचा पगार त्याच बँकेत येतो त्यांना वेगळी, बाहेरून आलेल्यांना वेगळी. वर ती हलती असते. १६ नोव्हेंबर २०२३ला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड थकबाकीवरचं जोखीम-भारांकन १२५ टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेलं. सोप्या भाषेत, कार्डावर उधार दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागायला लागलं. असं काही झालं की आतल्या रेघा गुपचूप वर सरकतात. तुमचा स्कोअर तोच, तुम्ही तेच, पण आधी आत होतात आणि आता बाहेर.

दुसरं, स्कोअर ही फक्त पहिली चाळणी. अर्ज आला की प्रणाली आकडा बघते आणि तीन ढीग करते: सरळ बाद, सरळ पुढे, आणि माणसाने बघावेत असे. पुढे गेलेल्यांचा रिपोर्ट, म्हणजे कर्जांचा आणि फेडीचा तपशील, उघडला जातो, आणि खरा निकाल तिथे लागतो. आकडा ७६८ आणि रिपोर्टमध्ये चार चालू पर्सनल लोन, असं मी कितीदा तरी पाहिलंय. उलट ७३० असलेला, पण एकच जुनं कर्ज नीट फेडत आलेला आणि त्याच बँकेत पगार घेणारा, असा माणूस आरामात पुढे जातो. तुमच्या सहकाऱ्याचं असंच काही असावं.

पायवाट, तुमच्या बाबतीत ७४२ आणि ७५५ यांच्या मधल्या काळात आणखी काही बदललं होतं का? एखादं कर्ज संपलं, पगार वाढला?

आणि रानवारा, तो ७६८ कुठे पाहिलात?

पायवाट

हो, मधे बाइकचं कर्ज संपलं. ते लक्षातच घेतलं नव्हतं.

रानवारा

पेमेंट अ‍ॅपमध्ये पाहिला. "तुमचा स्कोअर मोफत बघा" असं बटण होतं. आता परत उघडून पाहिलं तर खाली बारीक अक्षरात एक्स्पीरियन लिहिलंय.

हिशेबनीस

तेच विचारायचं होतं. भारतात पतमाहिती कंपन्या, म्हणजे लोकांच्या कर्जांची माहिती ठेवून स्कोअर काढणाऱ्या, चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींचा स्कोअर ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो, पण गणित प्रत्येकीचं आपापलं. बँकांनी चौघींना माहिती द्यायची असते, तरी ती एकाच दिवशी आणि एकसारखी पोचेलच असं नाही. त्यामुळे एकाच माणसाचे चार आकडे निघतात, आणि त्यांत २०-३० गुणांचा फरक मी किरकोळ समजतो. बँकेने सिबिलचा बघितला असेल तर तुमच्या एक्स्पीरियनच्या ७६८ला तिथे काही अर्थ नाही.

चौघींचे रिपोर्ट काढा. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यायचा, असा नियम १ जानेवारी २०१७पासून आहे. थेट कंपनीच्या साइटवर जा, आणि तिथे पैसे भरून वर्षभराची योजना घ्या असा आग्रह होईल तो सोडून फुकटचा पर्याय शोधा. तो असतो, जरा आडबाजूला असतो.

तोवर दुसरीकडे अर्ज करू नका.

अण्णा६२

मला एक कळत नाही. एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या पिढीने आधी साठवलं, मग घेतलं. आजवर एका पैचं कर्ज नाही माझ्यावर. तुम्हा मुलांना उधारीचं प्रमाणपत्र हवं असतं, ते मिळालं नाही की रडता.

मृद्गंध

अण्णा, राग मानू नका, पण "कधीच कर्ज घेतलं नाही" हे बँकेच्या लेखी कौतुकाचं नसतं. मी स्वतः त्याच गटात होते. फ्रीलान्स भाषांतरं करते, कुणाचं एक रुपया देणं नाही, बँकेत शिल्लक बरी. कार्डाला अर्ज केला तर कळलं की स्कोअर कमी नाही, स्कोअरच नाही. रिपोर्टवर आकड्याच्या जागी "एनएच" असं होतं, म्हणजे मागचा काही इतिहास नाही. बँकेला मी चांगली की वाईट हे कळायला मार्गच नव्हता.

मग मी एफडीवरचं कार्ड घेतलं. बँकेत मुदत ठेव ठेवायची, ती बँकेकडे तारण राहते, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के लिमिट मिळतं. ठेवीवर व्याज चालूच राहतं. स्कोअर, पगाराची स्लिप, काही मागितलं नाही. पतमाहिती कंपन्यांकडे त्याची नोंद साध्या कार्डासारखीच जाते. मी त्यावर फक्त मोबाइलचं आणि विजेचं बिल भरत राहिले, आणि पूर्ण रक्कम मुदतीआधी चुकती करत राहिले. सहाएक महिन्यांनी स्कोअर दिसायला लागला. पुढे त्याच बँकेने साधं कार्ड स्वतःहून देऊ केलं.

चष्मिष्ट

मृद्गंधच्या मुद्द्याला पुरवणी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५च्या निर्देशांत असं म्हटलंय की पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. वाचायला छान आहे. व्यवहारात बँक "केवळ" हा शब्द पकडते आणि दुसरं काहीतरी कारण पुढे करते.

अण्णा६२

स्वतःचे पैसे ठेवायचे आणि त्यावर स्वतःच उधार घ्यायचं. धन्य आहे.

सातासमुद्रापार

अण्णा :-)

इकडे अमेरिकेतही नव्याने येणाऱ्यांची हीच गत होते. भारतातला कितीही चांगला स्कोअर असो, इथे पाटी कोरी. इथे बहुतेक ठिकाणी फायको स्कोअर चालतो, ३०० ते ८५०. त्याचं गणित ढोबळपणे तरी जाहीर आहे: वेळेवर फेड ३५ टक्के, किती देणं आहे ते ३० टक्के, इतिहासाची लांबी १५, नवीन अर्ज १० आणि कर्जांचे प्रकार १०. मी सुरुवातीला तारण ठेवून मिळणारं कार्ड घेतलं, आणि नवऱ्याच्या जुन्या कार्डावर माझं नाव जोडलं. त्याच्या त्या कार्डाचा इतिहास माझ्याही रिपोर्टला लागला, त्यामुळे गाडी लवकर रुळावर आली.

भारतात अ‍ॅड-ऑन कार्डाने (दुसऱ्याच्या कार्डाला जोडून मिळणाऱ्या) असं होतं का? धाकट्या भावासाठी विचारतेय.

हिशेबनीस

नाही होत. आपल्याकडे अ‍ॅड-ऑन कार्डाचं देणं मूळ कार्डधारकाच्या नावावर असतं आणि नोंदही त्याच्याच रिपोर्टमध्ये जाते. भावाने वर्षभर अ‍ॅड-ऑन वापरलं तरी तो "एनएच"च राहील. त्याला मृद्गंधताईंचा मार्ग सांगा. शिक्षणासाठी कर्ज घेणार असेल तर तेही त्याच्या नावावर दिसेल, आणि सहकर्जदार म्हणून आईवडिलांच्याही.

झुळूक

माझा वेगळाच त्रास आहे. कार्डाचं लिमिट ५० हजार, दरमहा ४०-४५ हजार वापरते आणि पूर्ण भरते. एक दिवसही उशीर नाही. तरी स्कोअर ७१०-७२० वर अडकलाय आणि दुसऱ्या कार्डाला नकार मिळतो. पूर्ण पैसे भरणाऱ्याला शिक्षा का?

पायवाट

लिमिटच्या ३० टक्क्यांच्या वर वापरायचंच नाही. नियम आहे तो.

हिशेबनीस

नियम नाही, अंदाजाची रेघ आहे. ३१ झाले म्हणून आभाळ कोसळत नाही आणि २९ झाले म्हणून बक्षीस नाही. पण झुळूकताई, ८०-९० टक्के खरंच जास्त आहे. रिपोर्टमध्ये "हिने पूर्ण भरले" हे ठळकपणे दिसत नाही. बँकेने माहिती पाठवली त्या दिवशी कार्डावर किती बाकी होती ते दिसतं. बाहेरून बघणाऱ्याला ५० हजारांपैकी ४५ हजार उचललेली व्यक्ती दिसते, आणि ओढाताणीत असलेला माणूस अगदी तसाच दिसतो. दोघांत फरक करायला प्रणालीकडे फार काही नसतं.

उपाय दोन. एक, स्टेटमेंट निघायची वाट न बघता मधेच पैसे भरून टाका. पूर्वी माहिती महिन्यातून एकदा जायची, १ जानेवारी २०२५पासून ती किमान पंधरवड्याला जायला लागली. म्हणजे बदल लवकर दिसतो, चांगला आणि वाईट दोन्ही. दुसरा उपाय, नवं कार्ड मागण्याऐवजी याच बँकेकडे लिमिट वाढवून मागा. पूर्ण भरणारं गिऱ्हाईक त्यांना आतून माहीत असतं, बाहेरच्या बँकेला नसतं.

झुळूक

लिमिट वाढवलं की खर्च वाढतो, म्हणून मुद्दाम कमी ठेवलं होतं! आता करून बघते.

चष्मिष्ट

एक इशारा, कारण असे धागे वाचून लोक "मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरला की झालं" असं समजतात. मिनिमम भरलात तर रिपोर्टमध्ये थकबाकी लागत नाही, हे खरं. पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. शिवाय बाकी फुगत जाते म्हणून वापराचं प्रमाण वाढतं, आणि स्कोअर त्या वाटेने पडतो.

मृद्गंध

आणि एखाद-दोन दिवस उशीर झाला तर? माझं एकदा बँक हॉलिडेमुळे झालं होतं.

हिशेबनीस

कार्डाबाबतचे रिझर्व्ह बँकेचे २०२२चे निर्देश आहेत, १ जुलै २०२२पासून लागू झालेले. त्यात असं आहे की देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच थकीत म्हणून कळवायचं आणि उशिराचा आकार लावायचा. पण चौथ्या दिवशी मोजणी सुरू होते ती मूळ देय तारखेपासून, हे विसरू नका. ही तीन दिवसांची सवलत अपघातासाठी आहे, ती मुदतवाढ समजू नये.

रानवारा

रिपोर्ट आले. सिबिलचा स्कोअर ७३६! एक्स्पीरियनपेक्षा ३२ने कमी. मग एकेक पान वाचत बसलो. तीन गोष्टी सापडल्या.

१. मोबाइल हप्त्यावर घेतला होता, ते कर्ज केव्हाच संपलं. ना-देय पत्रही माझ्याकडे आहे. सिबिलमध्ये ते अजून चालू दिसतंय, त्यावर किरकोळ बाकी आणि "डीपीडी" नावाच्या रकान्यात ६०, मग ९०. एक्स्पीरियनमध्ये तेच खातं बंद दाखवलंय.

२. खरेदीच्या एका अ‍ॅपवर "नंतर पैसे द्या" हा पर्याय सुरू केला होता. तो रिपोर्टमध्ये चक्क कर्ज म्हणून आहे. कर्ज देणारी कंपनीही अ‍ॅपची नाही, भलतीच कुठली वित्तसंस्था.

३. शेवटच्या पानावर एन्क्वायरींची रांग. यातल्या काही संस्थांची नावंही मी ऐकलेली नाहीत. एका साइटवर "तुमच्यासाठी कोणतं कार्ड योग्य" हे बघितलं होतं, त्या तारखेच्या आसपासच्या आहेत.

यातलं नक्की कशामुळे अडलं?

हिशेबनीस

पहिल्या मुद्द्यानेच काम झालं असणार.

डीपीडी म्हणजे देय तारखेनंतर किती दिवस थकलं. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा हिशेब महिन्यावार चौकटीत दिसतो. "०००" किंवा "एसटीडी" (स्टँडर्ड) असेल तर उत्तम. "एक्सएक्सएक्स" म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, त्याचा बाऊ करू नका. पण ९० दिसलं की मंजुरी देणाऱ्याचा हात थांबतो, कारण ९० दिवसांच्या पुढे खातं अनुत्पादित, म्हणजे वसुली अडलेलं कर्ज, ठरतं. बाकी पाचशे रुपये आहे की पाच लाख, हे नंतर बघितलं जातं, आणि "नंतर" येतच नाही, कारण प्रणालीने तोवर बाद केलेलं असतं. मुद्दाम बुडवलेलं आणि कंपनीच्या चुकीने राहिलेलं, दोन्हीला ९० हाच आकडा लागतो.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल: सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जांच्या मार्गदर्शक सूचना आल्यापासून अ‍ॅपवरून दिलेलं कर्ज कितीही छोटं, कितीही कमी मुदतीचं असलं तरी पतमाहिती कंपन्यांना कळवावंच लागतं. "नंतर पैसे द्या" ही सोय वाटते, रिपोर्टच्या भाषेत ते विनातारण कर्जच. काही ठिकाणी दर खरेदीला वेगळं खातं उघडल्याची नोंद होते. मग दहा छोट्या खरेद्या म्हणजे दहा कर्जं. वापरत नसाल तर अ‍ॅप नुसतं काढून टाकू नका, सोय अधिकृतपणे बंद करून घ्या आणि खातं बंद झाल्याचं लेखी मागा.

तिसरं, एन्क्वायरी. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो कमी होत नाही, रोज बघा. पण कर्ज देणाऱ्या संस्थेने अर्जावरून बघितला की त्याची नोंद राहते आणि ती इतरांना दिसते. थोड्या दिवसांत बऱ्याच नोंदी दिसल्या की बघणाऱ्याला वाटतं, याला पैशाची घाई झालीये. तुलना करणाऱ्या साइटवर "सहमत" या बटणाखाली काय लिहिलेलं असतं ते वाचत जा. तुम्ही चौकशी करता, ते अर्ज पाठवतात.

अवांतर: बँकेला तुमचा रिपोर्ट दिसतो तेव्हा त्यात इतर कर्जदात्यांची नावं झाकलेली असतात. आकडे, प्रकार, तारखा दिसतात. कुठल्या अ‍ॅपचं होतं वगैरे तिथे कुणाला दिसत नाही, त्यामुळे "ते काय, नामांकित कंपनीचं होतं" या म्हणण्याला अर्थ नसतो.

चष्मिष्ट

रानवारा, दोन पत्रं लिहा. एक रिपोर्ट दुरुस्तीसाठी, एक बँकेला.

बँकेचं आधी सांगतो, कारण ते कुणी करत नाही. २०२२च्या त्याच निर्देशांनुसार क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला तर नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. "अंतर्गत धोरण" हे नेमकं कारण नाही. ग्राहक सेवेच्या फोनवरची मुलं काही सांगू शकणार नाहीत, त्यांच्याशी भांडू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या इमेलवर अर्जाचा क्रमांक देऊन, निर्देशांचा उल्लेख करून, कारण मागा.

व्यवस्थापक

"सात दिवसांत स्कोअर ८०० करून देऊ, आधी पैसे नाहीत" अशा आशयाचा एक प्रतिसाद आणि त्यातला मोबाइल नंबर काढून टाकला आहे. पुन्हा आल्यास आयडी बंद होईल.

हिशेबनीस

बरं केलंत. असे लोक करतात काय, तर तुमच्या नावाने सरसकट सगळ्या खात्यांवर आक्षेप नोंदवतात. खरी थकबाकी त्याने जात नाही. आणि तुमचा पॅन, आधार, ओटीपी त्यांच्या हातात जातो, तो वेगळाच घोर.

दुरुस्ती फुकट होते. सिबिलच्या साइटवर त्या खात्यावर आक्षेप नोंदवा, आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीलाही ना-देय पत्र जोडून लिहा. सिबिल स्वतः आकडा बदलत नाही, कंपनीने होकार दिल्यावरच बदलतं. तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. यातले २१ दिवस कर्जदात्याकडे असतात: तेवढ्यात त्याने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भुर्दंड त्याच्यावर, त्याने पाठवूनही पतमाहिती कंपनीने उशीर केला तर तिच्यावर. ऑक्टोबर २०२३मध्ये हे ठरलं आणि सहा महिन्यांनी लागू झालं. त्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १ सप्टेंबर २०२२पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

वाटसरू९

इथेच विचारतो. लॉकडाउनच्या काळात नोकरी गेली, पर्सनल लोन थकलं. बँकेने तडजोड केली, मी ठरलेली रक्कम भरली आणि विषय संपला असं वाटलं. आता रिपोर्टमध्ये "सेटल्ड" आहे. स्कोअर ७००च्या जवळ आलाय तरी कार्ड मिळत नाही. काही करता येईल का?

हिशेबनीस

येईल, पण खिशाला लागेल. "सेटल्ड" म्हणजे बँकेने कमी रकमेवर समाधान मानलं, आणि हे पुढचा कर्जदाता वाचतो. सोडून दिलेली उरलेली रक्कम भरायची तयारी असेल तर त्या बँकेशी बोला. पूर्ण भरल्यावर खातं "क्लोज्ड" म्हणून कळवू, असं आधी लेखी घ्या आणि मगच पैसे भरा. तोंडी आश्वासनावर एक रुपया देऊ नका. ते जमणार नसेल तर एफडीवरचं कार्ड घेऊन नवा, स्वच्छ इतिहास तयार करत राहा. जुना डाग जितका मागे जातो तितकं त्याचं वजन कमी होतं.

वाटसरू९

धन्यवाद. सेटलमेंट करून देणाऱ्या माणसाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

चष्मिष्ट

तो वसुलीसाठी आला होता, सल्ला द्यायला नाही.

रानवारा

बँकेचं उत्तर आलं. कारण लेखी: "पतमाहिती अहवालात ९० दिवस थकीत खाते." म्हणजे हिशेबनीस यांचा अंदाज बरोबर निघाला. दुरुस्तीचा आक्षेपही टाकलाय. कर्ज कंपनीने "तपासतो" एवढं कळवलंय.

मजा म्हणजे त्याच बँकेच्या दुसऱ्या विभागातून काल फोन आला, "सर, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड कार्ड आहे."

झुळूक

घेऊन टाका ना मग!

हिशेबनीस

नका घेऊ. अशा बऱ्याच फोनच्या याद्या मार्केटिंगच्या असतात. होकार दिलात की अर्ज त्याच प्रणालीत जाणार, तेच ९० दिसणार, आणि वर एक एन्क्वायरी वाढणार. नेटबँकिंगमध्ये लॉगिन केल्यावर स्वतःच्या खात्यात दिसणारी ऑफर त्यापेक्षा बरी, तिथे निदान आतली तपासणी झालेली असते. तरी अंतिम मंजुरी वेगळी.

अण्णा६२

तुमच्या गप्पा वाचून मुलीकडून माझाही रिपोर्ट काढून घेतला. म्हटलं कोरा असेल, दाखवू या सगळ्यांना.

कोरा नाही. पुतण्याच्या गाडीच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो, ते माझ्या नावावर दिसतंय. आणि त्यात ३०, ३०, ६० असे आकडे आहेत. हे काय आहे? मी तर कर्ज घेतलेलंच नाही.

मृद्गंध

अरे बापरे. अण्णा, पुतण्याने हप्ते चुकवलेत.

हिशेबनीस

अण्णा, जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज येतंच. ते खातं उघडून "मालकी" असा रकाना बघा, तिथे जामीनदार लिहिलेलं असेल. त्यावरचा उशीर तुमच्याही स्कोअरला लागतो, आणि पुतण्याने भरलं नाही तर बँक तुमच्याकडे मागू शकते. जामीनकीवर सही म्हणजे तेवढी जबाबदारी आलीच.

६० म्हणजे दोन हप्ते मागे आहे. ९०च्या आत भरून घेतलं तर निभावेल. बँकेकडून आजच्या तारखेचं थकबाकीचं पत्रक मागवा, जामीनदार म्हणून मागायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या जागी दुसरा जामीनदार द्यायचा असेल तर ते बँकेने मान्य करावं लागतं, आणि खातं थकीत असताना सहसा मान्य करत नाहीत. म्हणून आधी हप्ते, मग ते बोलणं.

अण्णा६२

त्याला फोन लावतोय. उचलत नाहीये.

चष्मिष्ट

मुलीच्या फोनवरून लावा.

अण्णा६२

उचलला. शनिवारी येतोय म्हणे, पैसे घेऊन. हिशेबनीस, पत्रकासाठी बँकेला काय लिहायचं ते जरा सांगाल का?

हिशेबनीस

साधं लिहा: कर्ज खात्याचा क्रमांक, कर्जदाराचं नाव, मी या कर्जाचा जामीनदार आहे, आजअखेर थकलेले हप्ते, दंड आणि एकूण येणं यांचं पत्रक द्यावं. खाली सही, पॅन आणि करारपत्राची प्रत जोडा. शाखेत दिलंत तर पोच घ्या. आणि शनिवारी पैसे पुतण्याच्या हाती परत देऊ नका, त्याच्या कर्ज खात्यात तुमच्या समोर भरायला लावा.